बिनमुकुटाचा बुद्ध

काठमांडूला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी यात्रेची बस सुरूच होईना. गोरखपूरहून ठरवलेली ती गाडी लुंबिनीपासूनचा डोंगर चढताना सारखी कण्हत आली होती. ड्रायव्हर गाडीखाली शिरला, बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, मोडलेला भाग बाजारातून आणून बसवेपर्यंत आजचा दिवस जाईल.

धर्मशाळेच्या अंगणात गलका झाला. भोकरदन-जाफराबादकडची ही मंडळी. कुणाची कपाशी वेचणीला आली होती, कुणाची रजा संपत आली होती. टेंभुर्णीची गिरिजाबाई तेवढी नळावर तोंड धूत गप्प उभी होती आणि पदराआड हसत होती. वय पंचावन्नच्या आसपास. रिकामा दिवस म्हणजे काय, ते तिला आजवर फक्त तापानं अंथरूण धरल्यावरच कळलं होतं.

"सर्जेराव," तिनं भावाला हाक मारली, "मंग आज आपण गाव पाहू. सावकाश."

सर्जेराव तिचा धाकटा भाऊ, जालन्याला हायस्कूलात शिक्षक. आई लवकर गेली, तेव्हा गिरिजाबाईनंच त्याला कडेवर वाढवला होता. आता तोच तिला या यात्रेला घेऊन आला होता. कडक इस्त्रीचा, ठाम बोलणारा माणूस. सावकाश हा शब्द त्याच्या अंगाला लागत नसे.

"गाव काय पाह्यचं आक्का? मूर्तीचं काम उरकून घेऊ. काल मी एक पाहून ठेवलीय. पितळेची, ही एवढी! नुसती झळकून राह्यली."

त्याचं असं होतं, की दुष्काळ सरल्यावर टेंभुर्णीच्या बौद्ध वस्तीनं स्वतःच्या हातांनी एक लहानसं विहार बांधलं होतं. आत बाबासाहेबांचा फोटो आणि कॅलेंडरातून कापलेलं बुद्धाचं चित्र, एवढंच. यात्रेला निघताना कांताबाईनं आणि वस्तीतल्या बाकीच्या बायांनी गिरिजाबाईला बजावलं होतं, "तिकडून मूर्ती आणा आक्का. पन तोंड पाहून आणा."

"घेऊ की," गिरिजाबाई म्हणाली. "पन आधी पाहू तरी. एकच पाहून सोयरीक करतं का कोणी?"

सर्जेरावानं स्वेटर चढवला आणि दोघं निघाली.

हवेत गारठा होता. गल्ल्या अरुंद, विटांची उंच घरं, आणि खिडक्यांना असं लाकडी नक्षीकाम की गिरिजाबाई मान वर करूनच चालू लागली. चौकाचौकात भाजी मांडलेली. लाल काठाची काळी लुगडी नेसलेल्या बायका उकिडव्या बसून मोहरीचा पाला विकत होत्या. एकीपुढे मांडीएवढे मुळे रचलेले. गिरिजाबाई सरळ तिच्यासमोर जाऊन बसली.

"अगं बया, ह्यो मुळा का लेकरू?"

त्या बाईला शब्द कळला नाही, पण सूर कळला. ती हसली आणि एक मुळा उचलून गिरिजाबाईच्या हातात दिला. गिरिजाबाईनं तो खरंच तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला. आजूबाजूच्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मग दोघींचं बराच वेळ चाललं, हिचं मराठी, तिचं तिकडचं. पाला कसा शिजवायचा, वरून काय घालायचं, हे हातवाऱ्यांनी सगळं बोलून झालं. सर्जेराव दोनदा पुढे जाऊन परत आला.

"तिची भाषा तुला काय कळली?"

"भाजीची गोष्ट होती, बोलीची कुठं होती," गिरिजाबाई उठत म्हणाली.

पुढच्या चौकाजवळ एका बोळात मण्यांची दुकानं होती. छतापासून जमिनीपर्यंत लाल, हिरव्या, पिवळ्या बारीक काचमण्यांच्या लडी लोंबत होत्या आणि मधे पांढऱ्या दाढीचे मुसलमान दुकानदार मांडी घालून सुईनं मणी ओवत होते. त्यांची हिंदी गिरिजाबाईच्या कानाला घरची वाटली. निजामाच्या राज्यात जन्मलेली बाई ती. जालन्याच्या मोंढ्यात तिनं अशीच बोली ऐकली होती आणि बोललीही होती.

"चचा, बराबर भाव लगाओ. हम लई दूर से आये."

"कहाँ से, बहन?"

"जालना. औरंगाबाद के पास."

म्हाताऱ्यानं औरंगाबादचं नाव ऐकलं होतं. त्याच्या कुणा नातलगानं तिकडे हिमरूच्या शालींचा धंदा केला होता म्हणे. त्यानं तिला बसायला गादी दिली आणि लडी एकेक करून उजेडात धरून दाखवल्या. गिरिजाबाईनं नातींसाठी हिरव्या घेतल्या, वस्तीतल्या बायांसाठी लाल. सर्जेरावाच्या बायकोसाठी, शिवकन्येसाठी, तिनं खूप वेळ घालवून एक पिवळी निवडली.

"तिला असलं आवडत न्हाई," सर्जेराव म्हणाला.

"तू कव्हा इचारलं?"

त्यानं खरंच कधी विचारलं नव्हतं. तो लडीकडे बघत राहिला.

दुपारच्या आत ती दोघं स्वयंभूच्या टेकडीखाली आली. हे नावच सर्जेरावाला खटकत होतं. स्वयंभू म्हटलं की त्याला शेंदूर फासलेला दगड आठवे. पण हा मोठा प्राचीन स्तूप आहे असं त्यानं वाचलं होतं, आणि तो बघायचाच होता. पायऱ्या उभ्याच्या उभ्या वर गेलेल्या. कठड्यांवरून माकडं घसरत होती. गिरिजाबाई दर थोड्या पायऱ्यांनी थांबे, कमरेवर हात ठेवी, आणि दम लागला असं न म्हणता, "किती छान दिसून राह्यलं," असं म्हणे.

वर पांढरा घुमट होता, त्यावर सोनेरी चौकोनी भाग, आणि त्याच्या चारी बाजूंना रंगवलेले मोठाले डोळे. गिरिजाबाई त्या डोळ्यांकडे बघत उभी राहिली. सर्जेरावाचं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं. कोनाड्यातल्या बुद्धांच्या कपाळावर कुंकू फासलेलं होतं, तांदूळ चिकटवलेले होते, तुपाचे दिवे जळत होते. बाजूलाच एका देवीचं लहान देऊळ होतं. बायका तिथं लेकरं घेऊन रांगेत उभ्या होत्या, कुणाच्या हातात अंडी, कुणाच्या हातात फुलं.

"ही कोन?" गिरिजाबाईनं विचारलं. रांगेतल्या एका बाईनं मोडक्या हिंदीत सांगितलं, की लेकरांना अंगावर फोड उठू नयेत, देवी येऊ नये म्हणून ही आई.

गिरिजाबाई तिथं थोडा वेळ थांबली. तिनं हात जोडले नाहीत. मग ती वळली आणि घुमटाभोवती चालू लागली. घुमटाच्या कडेनं पितळी प्रार्थनाचक्रं बसवलेली होती. येणारा जाणारा ती हातानं फिरवी आणि पुढे जाई. एक वाकलेली म्हातारी हळूहळू सगळी फिरवत चालली होती. गिरिजाबाई तिच्या मागं लागली. पहिलं चक्र फिरवलं, ते गार होतं आणि हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. दुसरं फिरवलं. मग तिसरं. करकर आवाज करत ती फिरत राहिली.

"आक्का!" सर्जेराव मागून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "हे काय करून राह्यली तू? हे सगळं आपण सोडलं ना? इथं बुद्धाच्या अंगणात कुंकू काय, अंडी काय, अन् तू चक्रं फिरवतीस. उद्या घरी जाऊन मरीआईला नारळ पन फोडशील!"

ती म्हातारी थांबून बघू लागली. गिरिजाबाईचा हात चक्रावरच राहिला. मग तिनं तो काढून घेतला आणि जाऊन पायऱ्यांच्या कठड्यावर बसली.

सर्जेरावाला आपण जास्त बोललो हे लगेच कळलं, पण मागं कसं यायचं ते कळेना. त्यानं जाऊन मातीच्या दोन कुल्हडांत दही विकत आणलं आणि एक तिच्यापुढे ठेवलं. दही घट्ट होतं, वर जाड साय.

"खा," तो म्हणाला.

तिनं थोडं खाल्लं. मग म्हणाली, "मरीआईचं नाव तू मला सांगू नको. माझी सोनी देवीच्या तापात गेली तवा तू बोर्डिंगात होतास. मी मरीआईला कोंबडं दिलं, साडी दिली, आठ दिवस ओल्या लुगड्यानं उभी राह्यले. पोर गेली. म्हून तू जवा देव बुडवायचे म्हणालास, तवा टोपलं कोणी उचललं? घरातलं दुसरं कोणी हात लावीना. मी डोक्यावर घेऊन नदीला गेल्ते."

सर्जेराव खाली बघत होता. ते टोपलं त्याला आठवत होतं. सोनी त्याला अंधुकच आठवत होती.

"त्या देवांचं मला कधी वाईट वाटलं न्हाई," ती पुढं म्हणाली. "पन मंग सकाळी उठलं की हात रिकामे. आधी दिवा लावायचा, फूल ठेवायचं, काही ना काही असायचं. तुम्ही आम्हाला वंदना शिकवली, ती तोंडाची. हातांनी काय करावं हे काही कोणी सांगितलं न्हाई. आज ते चाक फिरवलं, हाताला बरं वाटलं. बस, एवढंच. त्यात मागणं न्हाई, नवस न्हाई."

खाली सगळं खोरं पसरलं होतं. गच्च्या, देवळांची टोकं, भाताची कापलेली शेतं. सर्जेराव दही खायचं विसरला होता. एक माकड जवळ सरकलं तेव्हा त्यानं कुल्हड उचलून घेतलं. "चल," तो हळूच म्हणाला. "पाटणला जाऊ. मूर्ती करणारे तिकडंच राहतात म्हणे."

"अन् तुझी ती झळकती?"

"तीबी राहील तिथंच. कुठं जात न्हाई."

पाटण नदीपलीकडे. तिथल्या एका बोळात शिरल्यावर हातोड्यांची बारीक टकटक ऐकू येऊ लागली. घराघरात मूर्ती घडत होत्या. पहिल्या दुकानात मुकुटवाले बुद्ध, दुसऱ्यात बारा हातांचे, तिसऱ्यात मांडीवर देवी घेतलेले. सर्जेराव सगळीकडे तेच सांगे, "सादा बुद्ध चाहिये. बिना मुकुट." दुकानदार एकदोन काढून दाखवीत. गिरिजाबाई वाकून तोंड बघे आणि मान हलवी.

शेवटी एका चौकात, ओसरीवर ओतीव मूर्तीच्या साच्यासाठी मेणाचा हात घडवत बसलेला एक साठीचा माणूस दिसला. नाव हेराकाजी शाक्य.

"शाक्य?" सर्जेराव थबकला. "म्हंजे बुद्धाच्या कुळातले?"

हेराकाजी हसला. "बाप असं म्हणायचा. त्याचा बापही म्हणायचा. आम्ही मूर्ती करतो, एवढं खरं." त्याची हिंदी चांगली होती. तरुणपणी तो बनारसला राहून आला होता.

त्यानं दोघांना आत नेलं. आतल्या खोलीत फळीवर मूर्तींची रांग होती. त्याची बायको चुलीपुढून उठून आली. गोल चेहऱ्याची, केसांत फूल खोवलेली. तिनं पाहुण्यांना चटई टाकली, गिरिजाबाईच्या लुगड्याचा काठ बोटांत धरून बघितला, कुठून आलात विचारलं, लेकरंबाळं किती विचारलं. हेराकाजी दोन्हीकडचं बोलणं पोचवत होता. मग तिनं तितक्याच सहजपणे आणखी एक प्रश्न विचारला, आणि हेराकाजीनं तोही पोचवला.

"विचारतेय, तुमची जात कोणती?"

सर्जेरावाची पाठ ताठ झाली. हा प्रश्न त्यानं आयुष्यभर ऐकला होता. जालन्यात खोली भाड्यानं बघताना ऐकला होता. शाळेत रुजू झाला त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर ऐकला होता. आणि उत्तर दिल्यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, त्या गप्प होण्याचाही त्याला सराव होता. इतक्या दूर, परमुलखात, डोंगर ओलांडून आल्यावरही तोच प्रश्न! गिरिजाबाईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. उठावं लागलं तर उठता यावं म्हणून.

"बौद्ध," सर्जेराव म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला.

हेराकाजीनं बायकोला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

"काय म्हणाल्या?" सर्जेरावानं विचारलं.

"म्हणाली, मग आपल्यातलेच की. आलं घालू का चहात, म्हणून विचारतेय."

गिरिजाबाईनंच उत्तर दिलं, "घाला म्हणावं. भरपूर घाला."

चहा पितळी पेल्यांतून आला. पेले घरातलेच, हेराकाजीच्या हातातही तसाच होता. सर्जेरावानं पेला दोन्ही हातांत धरून ठेवला आणि चहा निवत चालला तरी तो तसाच बसून होता. समोरच्या कोनाड्यात घरातली बुद्धमूर्ती होती, कपाळावर सकाळचं कुंकू, पायाशी तांदूळ. स्वयंभूवर ज्याच्यावरून तो एवढा तापला होता, तेच इथंही होतं. तो त्या कुंकवाकडे बघत राहिला.

गिरिजाबाई तोवर मूर्तींपुढे जाऊन बसली होती. एकेक खाली घेऊन ती तोंड बघत होती. हेराकाजीनं घाई केली नाही. तो परत मेणाच्या हाताची बोटं घडवू लागला. बऱ्याच वेळानं तिनं मागच्या रांगेतून एक काढली. वीतभराहून थोडी मोठी. मुकुट नाही, दागिना नाही, उजवा हात जमिनीला लागलेला.

"हीच."

"ही?" सर्जेराव भानावर आला. "आक्का, लई लहान आहे. विहारात मागं बसणाऱ्याला दिसायची पन न्हाई. लोक म्हणतील, काठमांडूला जाऊन हे आणलं?"

"बाकीच्या समद्या काहीतरी सांगून राह्यल्या. ही ऐकून राह्यली. तोंड पाह्य तू."

सर्जेराव गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पाहिलं. ओठ मिटलेले होते, मान किंचित पुढं झुकलेली. शिकवताना एखादं पोर शेवटच्या बाकावरून काही विचारतं, तेव्हा आपण असे झुकतो का, असं त्याच्या मनात आलं. आपण झुकत नाही, हेही त्याला माहीत होतं.

"मागच्याला दिसणार न्हाई," तो पुन्हा म्हणाला, पण आता त्यात जोर नव्हता.

"ज्याला पाह्यचं तो उठून पुढं येईल."

हेराकाजीनं विचारलं, चेहऱ्यावर सोन्याचं पाणी चढवू का, इकडे तशी रीत आहे. गिरिजाबाई नको म्हणाली. मूर्तीचा व्यवहार झाला तेव्हा हेराकाजीच्या बायकोनं ती जुन्या मऊ कापडात गुंडाळली, आणि देण्याआधी दोन्ही हातांनी एकदा आपल्या कपाळाला लावली. सर्जेरावानं ती घेतली. क्षणभर थांबला, आणि मग त्यानंही तसंच केलं. गिरिजाबाईनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

पुढं वैशाखी पौर्णिमेला टेंभुर्णीत ती मूर्ती बसली, तेव्हा व्हायचं तेच झालं. लहान आहे म्हणून काही जण कुरकुरले. कांताबाईनं जवळ जाऊन बराच वेळ तोंड पाहिलं, मग वळून गिरिजाबाईला नुसती मान डोलावली. बायांनी आळीपाळीनं रोज सकाळी ती मूर्ती ओल्या फडक्यानं पुसायची असं आपसात ठरवलं, आणि विहाराच्या समितीतल्या कुणी हरकत घेण्याआधी सर्जेरावच म्हणाला, "पुसू द्या."

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पाटणहून निघाली तेव्हा दोघांना कसलीच घाई नव्हती. उन्हं उतरत होती. नदीवरच्या पुलापर्यंत ती चालतच आली. सकाळपासून उत्तरेला धुरकट होतं, ते आता निवळलं होतं, आणि शहराच्या मागं, हिरव्या डोंगरांच्याही मागं, आभाळात खूप उंचावर काहीतरी गुलाबी दिसत होतं.

"ढग कसा एका जागी उभा आहे," गिरिजाबाई म्हणाली.

"ढग न्हाई आक्का. तो डोंगर आहे. बर्फाचा."

"एवढ्या वर?"

"एवढ्या वर."

तिला ते पटायला वेळ लागला. ती कठड्याला टेकून उभी राहिली. पुलावरून सायकली जात होत्या, भार वाहणारे खांद्यावर काठी टाकून घरी चालले होते, कुणी वर बघत नव्हतं. कडेला एक बाई शेगडीवर भुईमुगाच्या शेंगा भाजत होती. सर्जेराव जाऊन पुडी घेऊन आला. मूर्ती त्यानं काखेत धरली होती, म्हणून गिरिजाबाई शेंगा फोडून दाणे त्याच्या तळहातावर ठेवू लागली. लहानपणी ती असंच करी.

"सोनी कशी होती गं?" त्यानं एकाएकी विचारलं. "मला नीट आठवत न्हाई."

गिरिजाबाईचे हात थांबले नाहीत. तिनं आणखी एक शेंग फोडली, फुंकर मारून फोलपट उडवलं.

"चपळ होती," ती म्हणाली. "लई बोलायची. तुझ्या बोर्डिंगातून येण्याची वाट पाह्यची. दारात बसून रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला इचारायची, मामा का, मामा का..."

ती सांगत राहिली, आणि सर्जेराव ऐकत उभा राहिला. वरचा गुलाबी रंग हळूहळू राखाडी झाला, शेंगा संपल्या. मग दोघं पूल ओलांडून गर्दीतून धर्मशाळेच्या वाटेला लागली.